छेद काढताना

(पालक मेळाव्यातील भाषण)



अपूर्णांकांचे समीकरण समोर आले की आपली बरीच मुले पेन खाली ठेवतात. "बीजगणित आमच्या नशिबातच नाही," असे म्हणतात, आणि दुर्दैवाने काही पालकही त्याला मान डोलावतात. मला हे मान्य नाही.

'अल्जिब्रा' हा शब्दच मुळी अल-ख्वारिज्मी यांच्या अरबी ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरून आला आहे. इ. स. 820 च्या सुमारास बगदादमध्ये लिहिलेल्या या ग्रंथाचा मोठा भाग वारसांच्या वाटणीच्या गणितांनी व्यापलेला आहे. तसेच एक उदाहरण आज आपण घेऊ.

एक गृहस्थ वारले. कर्ज वगैरे फेडून उरलेल्या मालमत्तेचे वारस तिघेच. पत्नीला 1/8, आईला 1/6 आणि बाकीचे 17,000 रुपये मुलाला मिळाले. तर एकूण मालमत्ता किती?

ती क्ष मानू.

क्ष/8 + क्ष/6 + 17,000 = क्ष

8 आणि 6 यांचा लसावि 24. म्हणून प्रत्येक पदाला 24 ने गुणू.

3क्ष + 4क्ष + 4,08,000 = 24क्ष

4,08,000 = 17क्ष

क्ष = 24,000

पुष्कळ विद्यार्थी येथे 17,000 ला 24 ने गुणायचे विसरतात. कारण काय, तर त्याच्याखाली छेद दिसत नाही! मग 17क्ष = 17,000 आणि क्ष = 1,000 असे सुटसुटीत उत्तर येते. मुलगा खूश होऊन पान उलटतो. पण एकट्या मुलालाच 17,000 मिळाले, तर सगळी मालमत्ता 1,000 कशी असेल?

म्हणून विद्यार्थी मित्रहो, पडताळा घ्या. 24,000 चा आठवा भाग 3,000, सहावा भाग 4,000, त्यात 17,000 मिळवा. बेरीज 24,000. आता उत्तराची खात्री झाली.

पालकहो, आपल्याला बीजगणित येत नसले तरी चालेल. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाजवळ, मुलीजवळ बसा. "ही पायरी कशी आली?" आणि "पडताळा घेतलास का?" एवढेच विचारा. मूल समजावून सांगू लागले की त्याची चूक त्यालाच सापडते. गणिताच्या धास्तीने शाळा सोडणारे एक जरी मूल यामुळे टिकले, तरी ही दहा मिनिटे सार्थकी लागली असे मी समजेन.