आकाश कोणाच्या मालकीचे?

(कोल्हापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



पक्षाच्या अभ्यासवर्गात खगोलशास्त्राचा विषय कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. या विषयाचे कोल्हापूरशी नाते आहे. आपल्या कार्याशी तर त्याहूनही निकटचे.

डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी याच शहरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यामुळे जयंतरावांचे बालपण तेथे गेले. पुढे केंब्रिजमध्ये गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. कोणत्याही कणाचे वस्तुमान हा त्याचा एकट्याचा गुण नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याशी असलेल्या संबंधातून ते निर्माण होते, हा त्याचा गाभा. समाजवाद्याला ही कल्पना रुचेल. पण रुचते म्हणून ती खरी ठरत नाही. महास्फोटातून विश्व जन्मले हे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले, तरी नारळीकर अखेरपर्यंत त्याच्या विरोधात गणित मांडीत राहिले. विज्ञानाच्या राज्यात अल्पमतालाही पुरावा घेऊन उभे राहण्याचा अधिकार असतो.

हा अधिकार फुकट मिळालेला नाही. १६१० साली इटलीत गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले आणि सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला तडा गेला. १६३२ साली त्याने सूर्य व पृथ्वी यांविषयीचा वाद विद्वानांची लॅटिन सोडून लोकांच्या इटालियन भाषेत, संवादरूपाने मांडला. पुढच्याच वर्षी धर्मपीठाने त्याच्यावर खटला चालविला आणि १६४२ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नजरकैदेत राहावे लागले. सत्य ग्रंथालयात राहिले तर सत्तेला फारशी अडचण नसते. ते बाजारात लोकांच्या तोंडी आले की तिची झोप उडते.

नारळीकर १९७२ साली स्वदेशी परतले. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले. परंतु या थोर संशोधकाने मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. त्यांतील पहिली तर स्पर्धेला टोपणनावाने पाठविली. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा. उत्तराखाली सही मिळेल.

२००१ साली विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी कसोटी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या. प्रत्येक ज्योतिषाने चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणाची एवढेच सांगायचे होते. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. त्यांचे सरासरी यश निम्म्याहूनही कमी भरले. नाणे उडविले असते तरी याहून वाईट झाले नसते!

हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये या आपल्या कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. दोघेही लोकांच्या भाषेत लोकांशी बोलत होते. गॅलिलिओचा खटला ही केवळ परदेशातील जुनी कथा आहे, असे कोल्हापूरकराने तरी म्हणू नये.

आता स्वतःकडे पाहू. उमेदवारी अर्ज मुहूर्त पाहून भरणारे कार्यकर्ते पुरोगामी म्हणविणाऱ्या पक्षांतही आहेत. स्मृतिदिनी पुष्पहार वाहायचा आणि घरी राहुकाल पाळायचा, हा दुटप्पीपणा लोकांच्या नजरेतून सुटत नाही. आपणच भ्यालो, तर कर्ज काढून ग्रहशांती करणाऱ्या शेतमजुराला कोणत्या तोंडाने थांबविणार?

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांचे स्मारक आपण साधेच करू. प्रत्येक शाखेने एक लहान दुर्बीण मिळवावी आणि गावच्या चावडीवर मुलांना गुरूचे चंद्र दाखवावेत. मुले प्रश्न विचारतील. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे प्रांजळपणे सांगावे आणि त्यांच्याबरोबर शोधावे. आकाश कोणाच्याही मालकीचे नाही, हे त्यांना त्या रात्री आपोआप उमजेल.