मधला चमचा

भोजनाला बोलावणारा संपन्न असला, म्हणजे पाहुण्याचे काम सोपे असते. यजमानाची स्थिती खालावली असेल, तर मात्र पाहुण्याची खरी परीक्षा होते. बेळगावच्या एका निवृत्त शिक्षकांची अशीच परीक्षा बँकॉक शहरी झाली.

त्यांचे एक वर्गबंधू तीस वर्षांपासून तेथे रत्नांच्या व्यापारात होते. शिक्षकांच्या मुलीच्या शिक्षणासाठी याच मित्राने न मागता पैसे धाडले होते आणि ते परत घेण्याचे साफ नाकारले होते. पूर्वी एकदा शिक्षक तेथे गेले असता, चाओ फ्राया नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात त्यांचा पाहुणचार झाला होता. परंतु 2020 सालच्या महामारीत परदेशी प्रवासी येईनासे झाले आणि मित्राचा धंदा बसला. आता ते दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितात. या खेपेस त्यांनी शिक्षकांना एका गल्लीतल्या लहानशा खाणावळीत नेले. पत्र्याचे छप्पर, घडीची टेबले, आणि समोरच धगधगत्या शेगडीवर कढई परतणारी एक प्रौढ बाई.

“थाई भाषेत मोठ्या भोजनगृहाला ‘फत्ताखान’ म्हणतात,” मित्र हसून म्हणाले. “पाली भाषेतला ‘भत्त’, म्हणजे आपला भात, आणि त्याचे ‘आगार’. हे मात्र नुसते ‘रान आहान’, आहाराचे दुकान. चालेल ना रे तुला?”

त्या शेवटच्या प्रश्नातला संकोच शिक्षकांच्या कानांनी अचूक टिपला. “न चालायला काय झाले?” एवढेच ते म्हणाले, पण त्याच क्षणी त्यांनी मनाशी ठरवले, की बिल आपणच द्यायचे.

जेवण आले. थाई पद्धतीत प्रत्येकाने आपापला पदार्थ मागवायचा नसतो. प्रत्येकापुढे भाताची थाळी असते, आणि कालवणे सर्वांच्या मध्ये ठेवतात. त्यांतून एकेक दोन दोन चमचे आपल्या भातावर घ्यायचे, ते संपले की पुन्हा घ्यायचे. एकदम वाढून घेणे हे हावरेपणाचे लक्षण. वाढण्यासाठी निराळा चमचा असतो. त्याला ‘चोन क्लांग’, म्हणजे ‘मधला चमचा’, असे नाव आहे. उजव्या हातातल्या चमच्याने जेवायचे आणि डाव्या हातातल्या काट्याने घास त्यावर लोटायचा.

मध्ये कोळंबीचे ‘तोम याम’ होते. गवती चहा, आल्याच्या जातीचे कुळिंजन, लिंबाच्या कुळातली सुगंधी पाने, मिरची, लिंबाचा रस आणि खारवलेल्या मासळीचे पाणी, एवढ्यांचा हा आंबट-तिखट कढ. 2024 साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. पण गल्लीतल्या त्या बाईच्या हाताला त्याने काही फरक पडलेला नव्हता. सोबत नारळाच्या दुधातले हिरवे कालवण होते. पहिल्याच घासाला शिक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले. “ही मिरची तुमच्या-आमच्याकडे आणि यांच्याकडेही अमेरिका खंडातून आली,” मित्र म्हणाले. “1510 साली गोवे आणि 1511 साली मलाक्का घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या व्यापाराचा हा प्रताप. तेव्हा रडायचेच असेल, तर त्यांच्या नावाने रड!” दोघेही मोठ्याने हसले. हळूहळू मधला चमचा याच्या हातून त्याच्या हाती जाऊ लागला, आणि कॉलेजातले जुने दिवस बोलण्यात आले.

जेवण आटोपताच शिक्षकांचा हात खिशाकडे गेला. मित्राने तो पाहिला. ते रागावले नाहीत; केवळ त्यांचे हसणे मावळले. शिक्षकांना एकदम उमगले, की ज्याच्याकडे थोडेच उरले आहे, त्याच्याकडून त्याचे यजमानपणही आपण काढून घेत आहोत. खिशातला हात त्यांनी रुमाल काढून बाहेर घेतला आणि कपाळावरचा घाम पुसला. मित्राने शंभर बाथच्या तीन तांबड्या नोटा त्या बाईच्या हाती ठेवल्या. मोड परत आली, तेव्हा त्यांची मान ताठ होती.

गल्लीच्या तोंडाशी एका गाडीवर मिठाई होती. तीत ‘फोय थोंग’, म्हणजे सोनेरी तंतू, होते. साखरेच्या पाकात अंड्याच्या बलकाची बारीक धार सोडून ते करतात. मित्राने त्याची कथा सांगितली. सतराव्या शतकात अयुथ्या नगरीत मारिया ग्वियोमार नावाची कॅथलिक स्त्री होती. तिचा पती राजा नाराय याचा बलाढ्य मंत्री. 1688 सालच्या राज्यक्रांतीत त्याचा वध झाला, वैभव गेले, आणि तिच्या नशिबी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली चाकरी आली. ही पोर्तुगीज वळणाची मिठाई तिनेच सयामात रूढ केली, असे परंपरा सांगते.

“मंत्र्याची बायको म्हणून तिला कोण ओळखतो?” मित्र हळूच म्हणाले. “लोक तिची मिठाई खातात.”

शिक्षकांनी एक पुडी घेतली. “हिचे पैसे मी देणार,” ते म्हणाले.

“दे की,” मित्र म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

साहाय्य करण्याची इच्छा चांगली खरीच. पण स्नेह्याच्या मानाला धक्का न लावता ते केव्हा करावे आणि केव्हा आवरावे, याचा विवेक अधिक चांगला. परतल्यावर शिक्षकांनी त्या जुन्या पैशांचा विषय पत्रातून पुन्हा काढला नाही. त्यांनी मित्राला येत्या दिवाळीत सहकुटुंब बेळगावी बोलावले आहे. आमंत्रण स्वीकारल्याचे उत्तरही आले आहे.