न्यायशिक्षण आणि आपली तरुण पिढी



कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरताच वीटभट्ट्यांच्या व कोळसाभट्ट्यांच्या कामासाठी घर सोडतात. निघण्यापूर्वी उचल घेतलेली असते. हंगामाअखेर हिशेब होतो, देणे शिल्लक निघते आणि त्यापोटी पुढचा हंगामही बांधला जातो. उचलीमुळे मजुराला अन्यत्र काम करण्याची मोकळीक उरत नसेल, तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दबातल ठरते, दोषीस तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर असते. परंतु ठाण्यात आलेली तक्रार केवळ 'देण्याघेण्याचा तंटा' समजून परत पाठविली गेली, तर हा कायदा पुस्तकातच राहतो.

म्हणूनच फौजदारी न्यायाचे शिक्षण महत्त्वाचे आहे. गुन्हा ओळखणे, पुरावा जपणे आणि तो न्यायालयात टिकविणे, ही तीन कामे ते शिकविते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व तिच्यासोबतचे दोन नवे कायदे अमलात आले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद त्यांत आहे. साहजिकच विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेतील अभ्यासक्रमाचे मोल वाढले आहे. अपराधशास्त्र व सुधारकार्य यांच्या अभ्यासासाठी देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. कायद्याचा अभ्यास बारावीनंतर पाच वर्षांत, तर कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांत पूर्ण होतो. १८५५ साली स्थापन झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय कर्जतच्या विद्यार्थ्यास लोकलच्या टप्प्यात आहे. न्यायाधीशपदाची आकांक्षा धरणाऱ्यांनी मात्र सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निर्णय अवश्य वाचावा. प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा घातली.

व्यापारी कुटुंबांतील मुलामुलींचा ओढा स्वाभाविकपणे वाणिज्य शाखेकडे असतो. ते शिक्षण येथे वाया जात नाही. वेठबिगारीच्या खटल्यात उचलीची वही हाच मोठा पुरावा असतो. किती उचल दिली, किती विटा पाडल्या, मजुरी कोणत्या दराने धरली, हे ज्याला वहीतून वाचता येते, तोच त्यातील अन्याय न्यायालयापुढे मांडू शकतो. जमाखर्चाचे बाळकडू मिळालेल्या घरांतून असा एखादा सरकारी वकील वा तपास अधिकारी घडला, तर या दोन तालुक्यांतील भट्टीवरच्या माणसाला आपला हिशेब तपासणारे कोणीतरी लाभेल.