रक्तांतील नक्कलनवीस

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत एक मूल जन्मास येतें. मूल गुटगुटीत असतें, अंगावर पितें, हंसतें, खेळतें. पांच-सहा महिने असे सुखानें जातात. आणि मग एके दिवशीं त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात, अंगांत ताप भरतो, आणि कांहीं केल्या तें उगें राहत नाहीं. पुढें तपासणींत रोगाचें नांव कळतें, सिकलसेल. तो मातापित्यांच्या रक्तांतून जन्माबरोबरच आला आहे, हेंहि कळतें. त्यावर आई जो प्रश्न विचारते तो कोणाहि वैद्यास क्षणभर विचारांत पाडणारा आहे. रोग जर जन्मापासून अंगांत होता, तर हे सहा महिने तो कोठें दडून बसला होता?

प्रथम रोगाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. या रोगांत त्या ताठर होतात, विळ्यासारख्या वांकतात आणि बारीक केशवाहिन्यांत अडकून बसतात. 1910 सालीं शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनीं अशा पेशींचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें. भारतांत हा दोष 1952 मध्यें निलगिरीच्या डोंगरी जमातींत आढळला, आणि पुढें विदर्भांत त्याचा केवढा पसारा आहे तें दिसून आलें. माडिया, परधान, ओतकर अशा जमातींत शेंकडा 20 ते 35 माणसें या दोषाचीं वाहक असल्याचें पाहण्यांत आढळलें आहे. वाहकाजवळ जनुकाची एक प्रत सदोष व एक चांगली असते; त्यास बहुधा कांहीं त्रास होत नाहीं, उलट हिवतापापासून थोडें संरक्षणच मिळतें. हिवतापाच्या मुलखांत हा दोष टिकून राहिला तो त्यामुळेंच. परंतु आई व बाप दोघेंहि वाहक असलीं, तर प्रत्येक खेपेस चारांत एक एवढा संभव कीं मूल रोगी निपजेल. दोष तरी केवढा? हिमोग्लोबिनची बीटा नांवाची साखळी 146 कड्यांची. तींतील सहावी कडी तेवढी बदललेली. केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं 1956 सालीं हा बदल हिमोग्लोबिनच्या एका लहानशा भागांत असल्याचें प्रथम दाखविलें.

आईच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा त्याआधींच, 1948 मध्यें, न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या हातीं लागला होता. नवजात अर्भकांच्या रक्तांत विळ्यासारख्या होणाऱ्या पेशी फारच थोड्या असतात, हें त्यांनीं पाहिलें, आणि गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनच बाळाचें रक्षण करीत असावें असा तर्क केला. तो खरा ठरला. गर्भांत बाळ निराळें हिमोग्लोबिन वापरतें. त्याचें जनुक, गॅमा, वेगळें आहे व त्यांत हा दोष नाहीं. जन्मानंतर गॅमा मागें पडतें व बीटा पुढें येतें. मग गॅमा नाहींसें होतें काय? मुळींच नाहीं. तें माणसाच्या अंतापर्यंत जागच्या जागीं असतें. फक्त त्याची नक्कल निघेनाशी होते.

नक्कल म्हणजे काय, हें ज्या श्रोत्यांनीं कधीं कचेरीची पायरी चढली असेल त्यांस सांगावयास नको. मूळ कागद दप्तरखान्याबाहेर जात नाहीं; बाहेर सारा व्यवहार नकलेवर चालतो. पेशींतहि तसेंच आहे. डीएनए हा मूळ कागद, आणि त्यावरून आरएनएची नक्कल उतरणारें आरएनए पॉलिमरेज नांवाचें प्रथिनयंत्र हा नक्कलनवीस. जनुकांच्या नकला करणारें जें यंत्र, तें 12 प्रथिनांचें बनलेलें आहे. हा नक्कलनवीस कामाला वाघ. पण कोणत्या पानावर, कोणत्या ओळीपासून आरंभ करावयाचा, हें त्याचें त्याला उमगत नाहीं. त्याला जाग्यावर बसविणारें एक मंडळ लागतें. जनुकाच्या आरंभापासून सुमारें 30 अक्षरें अलीकडे एक प्रथिन घोड्यावर खोगीर बसावें तसें धाग्यावर बसतें, आणि धाग्यास जवळजवळ काटकोनांत वांकवितें. त्या वांकावर दुसरीं प्रथिनें जमतात, नक्कलनवीसास मधोमध आणून ठेवतात. मग त्यांतील एक जण शक्ति खर्चून पिळाचे दोन्ही पदर उकलतो, आणि नक्कलनवीसाच्या शेपटीवर फॉस्फेटचा शिक्का उमटला कीं तो पुढें सरकतो. या यंत्राची आण्विक रचना उलगडल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांस 2006 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

एवढ्यानेंहि काम भागत नाहीं, कारण वरून हुकूम यावा लागतो. बीटा जनुकापासून सुमारें 50 हजार अक्षरें दूर एक हुकमाची जागा आहे. तेथें गाटा-1 वगैरे प्रथिनें जमतात, धाग्याची कमान वळते, आणि हुकमाची जागा थेट जनुकाशेजारीं येऊन टेकते. मध्यस्थ म्हणून आणखी पंचवीस-तीस प्रथिनांचा एक जथा असतोच. गर्भांत ही कमान गॅमाकडे वळलेली असते, जन्मानंतर बीटाकडे वळते. ती कां वळते, याचा मोठा उलगडा 2008 मध्यें बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या मंडळीनें केला. बीसीएल-11-ए नांवाचा एक पहारेकरी आहे. मूल वाढतें तसा तो बळावतो, गॅमाच्या आरंभाआधीं 115 अक्षरांवर ठाण मांडतो, आणि तें पान मिटवून टाकतो. निर्दोष पान मिटतें व सदोष पान उघडतें, तो काळ म्हणजेच त्या आईचे सहा महिने.

मग पहारेकऱ्यासच हटविलें तर? ही कल्पना प्रत्यक्षांत आली आहे. रोग्याच्या अस्थिमज्जेंतील पेशी बाहेर काढून, पहारेकऱ्याच्या जनुकाची रक्तापुरती कळ जेथें असते तेथें छेद देतात. तांबड्या पेशींत पहारा ढिला पडतो, आणि गॅमाची नक्कल पुन्हा निघूं लागते. अमेरिकेंत 2019 सालीं पहिल्या सिकलसेल रोग्यावर हा प्रयोग झाला. 2023 च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें या उपचारास मान्यता दिली. अमेरिकेंत त्याची किंमत 22 लक्ष डॉलर ठरली. मोहफुलें वेंचून मीठमिरची आणणाऱ्या घरानें या आंकड्याचें काय करावें?

त्या मानानें हायड्रॉक्सियुरिया हें जुनें व स्वस्त औषध आहे. रोज घेण्याच्या या गोळीनें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन कांहींसें वाढतें व दुखण्याच्या खेपा कमी होतात. मात्र वरचेवर रक्त तपासून घ्यावें लागतें. आपल्याकडील पुष्कळ रोग्यांत तें हिमोग्लोबिन मुळांतच आफ्रिकेंतील बहुतेक रोग्यांपेक्षां अधिक असतें. म्हणून येथें रोग सौम्यच असावयाचा, असें पूर्वीं मानीत. नागपूरकडील मुलांच्या अभ्यासांनीं तो समज डळमळीत केला आहे.

1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली असून गांवोगांव रक्त तपासलें जात आहे. त्या संबंधांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नळींतील द्रावण गढूळ होतें कीं नाहीं हें पाहण्याची जी साधी परीक्षा असते, ती पहिल्या सहा महिन्यांत फसूं शकते. कारण तोंवर बाळाच्या रक्तांत गॅमाचेंच राज्य असतें. आईबाप दोघेंहि वाहक असलीं, तर बाळाचें रक्त जन्मतांच हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणाऱ्या यंत्रावर तपासून घ्यावें, पंजे सुजण्याची वाट पाहूं नये.