आवाजाची विद्या आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या वार्षिक समारंभात पाहुण्याने डॉक्टरी, इंजिनिअरिंग, डी.एड., बी.एड. यांविषयी चार शब्द सांगावेत असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आज मात्र मी आपल्यापुढे एका निराळ्या शिक्षणाचा विषय मांडणार आहे. तो म्हणजे ध्वनिमुद्रण आणि संगीतनिर्मिती यांचे विद्यापीठातील शिक्षण. हे ऐकताच पालकांच्या मनात प्रश्न येईल, "म्हणजे बाजा वाजवायला कॉलेजात जायचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

आपल्या मेडशी, मालेगाव, पातूर भागात लग्नाचा मांडव असो, उरूस असो, कव्वालीचा कार्यक्रम असो की निवडणुकीची सभा असो, भोंगे बांधणारी, तारा जोडणारी, माइक तपासणारी मुले आपण पाहतो. ती पुष्कळदा आपल्याच घरची असतात. त्यांच्या हातात कसब असते, कान तयार असतो. परंतु वयाच्या चाळिशीतही त्यांच्या हाती दिवसाची मजुरीच पडते. काम आहे, पण त्या कामामागची विद्या त्यांना कोणी दिली नाही. कसब आणि विद्या यांमधले हे अंतर कसे तुटेल, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकू येतात. ही कंपने माइकने पकडावयाची, त्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करावयाचे, ती साठवावयाची, नको तो गोंगाट काढावयाचा, अनेक आवाज एकमेकांशी जुळवावयाचे आणि ऐकणाऱ्यापर्यंत ते स्वच्छ पोहोचवावयाचे, एवढा हा सारा व्याप आहे. सी.डी.वर आवाज नोंदताना सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे मोजमाप होते. ते एवढेच का, तर ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून अधिक मोजमापे घ्यावी लागतात म्हणून. म्हणजे येथे भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, विजेचे ज्ञान आहे आणि त्याबरोबर स्वरांची जाण आहे.

आपल्या देशात बोलपट आला तेव्हा हे शिकविणारी शाळा नव्हती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला. त्याच्या ध्वनिमुद्रणासाठी विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. अर्देशिर इराणी यांनी त्याच्याकडून यंत्राची माहिती करून घेतली आणि ते काम स्वतःच्या हाती घेतले. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी चित्रण रात्री करावे लागे आणि माइक नटांच्या जवळपास दडवून ठेवावे लागत. पुढेही अनेक वर्षे हीच रीत चालली. राजकमल कलामंदिरात ध्वनिमिश्रण करणारे मंगेश देसाई यांच्यासारखे थोर तंत्रज्ञ स्टुडिओच्या कामातूनच नावारूपाला आले. उस्तादाजवळ बसावे, पाहावे, चुकावे आणि शिकावे. या परंपरेला मी कमी लेखत नाही. ती आपल्या रक्तातली आहे.

याचे उत्तम उदाहरण मिरजेचे. तेथील शिकलगार मंडळी हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्यातील कारागीर तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढे 'सितारमेकर' म्हणून ओळखले जाऊ लागले. पंढरपूरकडचे भोपळे आणावयाचे, लाकूड घडवावयाचे आणि तंबोऱ्याच्या घोडीवर तासन्‌तास बसून जवारी काढावयाची. देशभरचे मोठमोठे गवई मिरजेच्या तंबोऱ्यावर गात आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हत्याराला धार लावणाऱ्या हातांनी सुराला धार लावली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता गंमत पाहा. ज्या जवारीवर मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हात बसवीत होते, तिचाच अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात प्रयोगशाळेत केला. तबल्यावरची काळी शाई कशासाठी असते, हेही त्यांनी तपासले. साध्या चामड्याच्या ढोलातून निघणारी कंपने एकमेकांशी मेळ खात नाहीत. शाईचे वजन मधोमध पडले की ती मेळात येतात, म्हणून तबला सुरात बोलतो. हे त्यांनी १९२० मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध पत्रिकेत मांडले. तबला बनविणाऱ्याला ही गोष्ट बोटांनी ठाऊक होती, रामन यांनी ती कागदावर आणली. बोटांतले ज्ञान माणसाबरोबर जाते, कागदावरचे ज्ञान पुढल्याला मिळते. विद्यापीठाची गरज नेमकी येथे आहे.

युरोपात ही गरज ओळखून जर्मनीतील डेटमोल्ड येथे १९४९ मध्ये असे शिक्षण सुरू झाले. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाने १९७० मध्ये पदवी अभ्यासक्रम काढला. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच, संगीत आणि विज्ञान हे दोन्ही विषय एकाच विद्यार्थ्याने शिकावयाचे. आपल्याकडे पुण्यात, जेथे १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता त्याच जागेत, १९६० मध्ये केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. तेथे ध्वनिमुद्रण व ध्वनिआरेखन हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. १९९५ मध्ये कलकत्त्यास सत्यजित राय यांच्या नावाने दुसरी संस्था निघाली. २०२५ मध्ये या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा हे शिक्षण दूर विलायतेत नाही. मेडशीहून एक रात्र प्रवास केला की पुणे येते.

"पण आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलाचा तेथे काय निभाव लागणार?" असे कोणी म्हणेल. मित्रांनो, रसूल पूकुट्टी हे नाव लक्षात ठेवा. केरळमधील कोल्लम जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९७१ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील खासगी बसवर तिकीट तपासनीस. गावात वीज नव्हती, अभ्यास रॉकेलच्या दिव्यावर, आणि शाळा सहा किलोमीटर चालत. कायमकुलमच्या मिलाद-ए-शरीफ मेमोरियल कॉलेजातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळाला नाही, पुढे मिळाला, आणि १९९५ मध्ये ते शिकून बाहेर पडले. २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी रिचर्ड प्राइक व इयन टॅप यांच्यासह त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, २०१० मध्ये पद्मश्री. यात संस्थेच्या चालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मुलाला भौतिकशास्त्र शिकविणारे कॉलेज पैगंबरसाहेबांच्या जन्मदिनाचे नाव धारण करणारे होते. ऑस्कर मिळविणारा विद्यार्थी घडविण्यासाठी त्या कॉलेजला स्टुडिओ बांधावा लागला नाही. भौतिकशास्त्राचा वर्ग नीट चालविला, एवढे पुरे झाले.

आता धर्माचा प्रश्न. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संगीताविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये समा या विषयावर स्वतंत्र भाग लिहिला आहे. दहाव्या शतकात अल-फाराबीने संगीतशास्त्रावर मोठा ग्रंथ रचला. फतवा देण्याचा अधिकार मला नाही. ज्या घराला वाद्यसंगीत मान्य नाही, त्या घराच्या भावनेचा मी आदर करतो. पण ध्वनीची विद्या संगीतापुरती नाही, हे मात्र आग्रहाने सांगतो. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातील संपूर्ण कुराणपठण १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित स्वरूपात लोकांपुढे आले. ते घडण्यासाठी कोणीतरी माइकमागे बसलेच होते ना? तजवीद शिकताना अक्षराचा उगम घशातून की ओठांतून हे जे कानाने ओळखावयास शिकवितात, ते कानाचे शिक्षणच होय.

आणखी एक वाट सांगतो. बहिरेपण आणि वाचादोष यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांसाठी विज्ञान शाखेच्या बारावीनंतर पदवी अभ्यासक्रम असतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. आपल्या मुलींनी या वाटेचा अवश्य विचार करावा. आवाजाची ही सेवा थेट रुग्णाच्या कामी येते.

रोजगाराबद्दल गोड बोलून मी पालकांची दिशाभूल करणार नाही. सरकारी संस्थांत जागा मोजक्या असतात आणि प्रवेशपरीक्षेची स्पर्धा मोठी असते. खासगी संस्थांची फी भारी असते, आणि जाहिरातीतील स्टुडिओचे छायाचित्र पाहून शेत विकू नये. शिक्षक कोण, पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि मागील वर्षांचे विद्यार्थी आज काय करतात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. सिनेमातील काम नियमित पगाराचे नसते, सुरुवातीची चार-पाच वर्षे ओढाताणीची जातात. म्हणून अगोदर साधी पदवी हातात असावी. भौतिकशास्त्राची असेल तर उत्तम, म्हणजे ही वाट लाभली नाही तरी दुसरी बंद होत नाही. पदवीनंतर पुण्याच्या संस्थेची परीक्षा द्यावी. अटी बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला तयारी आजपासून करता येईल, आणि तीही फुकट. आपल्या सभागृहात किंवा मशिदीत माइक लावला की कधीकधी कर्कश शिट्टी वाजते. ती का वाजते? भोंग्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा भोंग्यातून येतो, आणि हे चक्र फिरत राहते. भोंगा माइकच्या पुढे नेऊन ठेवा, माइक तोंडाजवळ घ्या, शिट्टी थांबेल. पत्र्याच्या हॉलमध्ये शब्द घुमतात आणि सतरंज्या अंथरून माणसे बसली की घुमारा कमी होतो. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या प्राध्यापकापुढे हाच प्रश्न आला. त्याने रात्री-रात्री जागून, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्या एकेक वाढवीत घुमारा मोजला. खोली मोठी तर घुमारा अधिक, आवाज शोषणारे सामान अधिक तर घुमारा कमी, हा नियम त्यातून निघाला. सॅबिनच्या गाद्यांचे काम तुमच्या सतरंज्या करतील, आणि मोजण्याचे यंत्र तर तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येच आहे. हे प्रयोग करा, वहीत लिहा.

आणि कान सांभाळा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक ऐकू नये असे तज्ज्ञ सांगतात, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. डीजेच्या भिंतीपुढे रात्र काढणाऱ्याने हा हिशेब स्वतःच करावा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि या धंद्यात कान हेच भांडवल आहे.

शेवटी संस्थेच्या चालकांना एक विनंती. फार खर्चाचे काही मागत नाही. विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा धडा केवळ फळ्यावर न शिकविता माइक, भोंगा आणि तंबोऱ्याची एक तार समोर ठेवून शिकवावा. गावात साउंड सर्व्हिस चालविणाऱ्या कारागिराला वर्षातून एक दिवस सन्मानाने वर्गात बोलवावे. त्याचे कसब मुलांना दिसेल आणि मुलांच्या पुस्तकातले शास्त्र त्याला कळेल. बारावीनंतरच्या मार्गदर्शनाच्या फलकावर डॉक्टर, इंजिनिअर यांच्या यादीखाली ध्वनिशास्त्राची एक ओळ लिहावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची माहिती कार्यालयात ठेवावी.

ज्या हातांनी आज भोंगे बांधले जातात, त्या हातांतल्या मुलांना उद्या सही करण्याचा अधिकार यावा, एवढीच माझी इच्छा आहे. तो अधिकार विद्येनेच येतो.