उपास नाही, पोट लहान आहे

(रत्नागिरीतील वसंत व्याख्यानमालेत एका आहारतज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार’ असा छापलाय. त्यातला घरचा आहार मी आज बाजूला ठेवते. आधी पातळ, मग मऊ, मग दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, याचे तक्ते ज्याला त्याला रुग्णालयातून मिळतात. शस्त्रक्रियेची माहितीही तुम्हाला आहेच. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद याच शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा आपण सगळ्यांनी ते महिनोन्‌महिने वाचलंय.

मला बोलायचंय ते हॉटेलातल्या जेवणाबद्दल, आणि माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकते. रत्नागिरीतल्या प्रत्येक खानावळीच्या फळ्यावर ‘छोटी थाळी’ अशी एक ओळ असली पाहिजे. (मागून आवाज : “आणि छोटं बिल!” हशा.) बिलाचंही बोलणार आहे, थांबा जरा.

आधी पोटाचा हिशोब. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग किंवा त्याहूनही थोडा जास्त काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीलीटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. पुढे वर्षभरात वाटी-दीड वाटी अन्न मावायला लागतं. आता आपली माशांची थाळी डोळ्यांपुढे आणा. तळलेली तुकडी, कालवण, सुकं, दोन भाकऱ्या, भाताचा ढीग आणि सोलकढी. नुसता सोलकढीचा ग्लासच सुरुवातीच्या पोटापेक्षा मोठा असतो. शिवाय जेवताना पातळ काही प्यायचं नाही, अर्धा तास थांबायचं, हा नियम आहे. म्हणजे सोलकढी जेवणानंतर, आणि तीही घोट-घोट.

खाण्याचा क्रमही ठरलेला. पहिला मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाताचे दोन घास. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि शंभर ग्रॅम शिजलेल्या माशातून वीस ग्रॅमच्या वर मिळतात. मटण नीट चावलं गेलं नाही तर अडकतं, चिकट भात अडकतो, घाईने गिळलेली भाकरी अडकते. छातीत दाब येतो, तोंडाला पाणी सुटतं, उठून मोरीकडे धावावं लागतं. कालवणातला मासा मात्र मऊ असतो, सहज उतरतो. या शस्त्रक्रियेनंतर बाहेर जेवायला आपल्या किनाऱ्याइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. आणि इथेच ही माणसं बाहेर जेवायला घाबरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्याकडे एक बाई येतात. नाव-गाव सांगणार नाही, कुणी अंदाजही बांधू नयेत. त्यांचं बायपास झालेलं. शस्त्रक्रियेनंतर चार-पाच महिन्यांनी दिराच्या मुलाचा साखरपुडा होता, जेवण हायवेवरच्या एका हॉटेलात. बाईंनी नियमाप्रमाणे सुरमईची अर्धी तुकडी खाल्ली आणि हात थांबवला. तेवढ्यात वाढपी आला, “ताई, मासा आवडला नाही?” मग मालक आले. चांगला माणूस, काळजीने आलेला. “वहिनी, काही कमी-जास्त झालं का?” मग चुलतसासूबाई, “अगं, एवढ्या लांबून आलीस आणि पाखरासारखं काय टिपतेस?” शस्त्रक्रियेचं घरात तिघांनाच ठाऊक होतं. सगळ्या टेबलाचं लक्ष यांच्या ताटाकडे. शेवटी विषय मिटावा म्हणून त्यांनी पानातला उकडीचा मोदक उचलला आणि तुपासकट पुरा खाल्ला. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. गाडीच्या मागच्या सीटवर आडव्या. घरचे म्हणाले, मासा बाधला. बिचाऱ्या हॉटेलवाल्यावर उगाच बालंट आलं.

मासा नव्हता तो, मोदकातला गूळ होता. अशा पोटातून गोड पदार्थ थेट आतड्यात उतरतो, तो पातळ करायला आजूबाजूचं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि शरीर असं कोलमडतं. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. काहींना त्यानंतर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली गेल्याचा दुसरा फटका बसतो.

पण मला सांगायचंय ते पुढचं. त्या दिवसानंतर या बाईंनी एक युक्ती काढली. हॉटेलात गेलं की म्हणायचं, “माझा आज उपास आहे.” संकष्टी, सोमवार, गुरुवार, एकादशी. कुणी एक प्रश्न विचारत नाही! मालक उलट अदबीने म्हणतो, “खिचडी गरम करून आणतो, दही देऊ ना?” आणि बाई साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन बसतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. शेजारी नवरा बांगडा खातोय, जो यांना जीव की प्राण, जो यांना चालतो, नव्हे, जो यांनी खायलाच हवा. माझ्याकडे आल्या तेव्हा केस मुठीने गळत होते. केस शस्त्रक्रियेनंतर काही महिने तसेही गळतात, पण प्रथिनं कमी पडली की जास्त. मी विचारलं, खाता काय? तर त्या रडायलाच लागल्या.

म्हणून हॉटेलवाल्यांना माझं विचारणं आहे. तिसऱ्या रांगेत काही जण बसलेत, ते मला दिसतायत. (हशा.) नाही, तुमच्यावर टीका नाही. तुम्ही उपासाला मान देता. जैन मंडळींसाठी कांदा-लसूण वगळता. कटिंग चहा आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि एक सूप दोन वाट्यांत मागितलं तर वेटर ‘वन बाय टू’ असं ओरडून मोकळा होतो. मग थाळीच तेवढी अखंड का? ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ ही पाटी का?

२०१७ मध्ये केंद्रात रामविलास पासवान मंत्री असताना हॉटेलांनी पदार्थाचं प्रमाण लिहावं अशी चर्चा निघाली होती. ज्याला दोन कोळंब्या पुरतात त्याला सहा का वाढायच्या, असं त्यांचं म्हणणं. सक्ती नको म्हणून ते मागे पडलं. सक्ती मलाही नको. पण प्रश्न बिनतोड होता, आणि तोही कोळंबीचाच होता!

आणि हे या गावात बोलताना मला एक जागा आठवल्याशिवाय राहत नाही. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर बांधलं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, सावरकरांनी इथे अखिल हिंदू उपहारगृह सुरू केलं. स्थानबद्धतेत होते ते तेव्हा. त्या काळी कुणाच्या हातचा चहा घ्यायचा, कुणाशेजारी बसायचं, याच्यावर माणसं वाळीत पडत. आणि इथे सगळ्या जातींना एका ठिकाणी बसून खाता येईल असं एक हॉटेल उघडलं गेलं. सभा, ठराव, लेख होतेच. पण बाकं टाकून चहा विकायला बसणं ही गोष्ट मला त्या सगळ्याहून मोठी वाटते, कारण तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला रोज स्वतः ठरवावं लागत होतं, की मी आत जाणार की नाही. सहभोजनं एका दिवसाची असतात, हॉटेल रोज उघडतं. (टाळ्या.) त्याच्यावर एक वेगळं व्याख्यान…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) हो, दहा मिनिटं. विषयावर येते. गैरसमज नको, जातीच्या अपमानाशी मी पोटाच्या अडचणीची बरोबरी करत नाहीये, ती होऊच शकत नाही. हॉटेल ही नुसती पोट भरायची जागा नाही हे आपल्या गावाला फार आधी कळलं होतं, एवढंच सांगायचंय.

दुसरी चिठ्ठी वाचते. ‘पोट कापून घेण्यापेक्षा तोंड आवरता येत नाही का?’ सही नाही. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते भुकेचा निरोप मेंदूला देतं. वजन घटायला लागलं की शरीर तो निरोप आणखी मोठ्याने द्यायला लागतं. वर्षानुवर्षं तोंड आवरून वजन परत आलेली माणसं मी रोज बघते. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा हजारो रुग्णांचा मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि खाण्याचे शौकीन म्हणून त्यांची ओळख आजही आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. पण हे वाक्य कुणाच्या ताटासमोर म्हणू नका.

आता बिल. ‘अर्धी थाळी, अर्धे पैसे’ असं मी म्हणणार नाही. टेबल तेवढाच वेळ अडतं, गॅस, नोकर, भांडी तेवढीच लागतात. आणि थाळीत महाग असतो तो मासा. भात, भाकरी, रस्सा स्वस्त. म्हणून छोट्या थाळीत मासा तोच ठेवा, भात आणि एक भाकरी काढा, वाट्या लहान करा आणि किंमत पाऊणपट घ्या. यात तुमचं नुकसान कुठे आहे ते मला दाखवा. (तिसऱ्या रांगेतून : “भाकरीवरच तर सुटतं, मॅडम!” हशा.) मग सव्वातीन चतकोर किंमत घ्या, पण फळ्यावर लिहा! गिऱ्हाईकही वाढेल. मधुमेही आहेत, सत्तरीपुढचे आहेत, लहान मुलं आहेत. २०२५ पासून भूक कमी करणारी नवी इंजेक्शनं आपल्याकडे मिळायला लागलीत, ती घेणारेही कमीच खातात.

दोन मिनिटं उरलीत, भराभर सांगते. सोडा नको, कोकम सोडासुद्धा नको. बायपासनंतर दारू फार लवकर चढते, तिच्या वाटेला जाऊ नका. बुफेपेक्षा टेबलावर मागवलेलं बरं. तुकडी अर्धी झाली की उरलेली आधीच डब्यात बांधून घ्या. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर, कितीही बरं वाटलं तरी. आणि वाढप्याला एकच वाक्य सांगा, ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, जेवण छान आहे, मला एवढंच लागतं.’ शेवटचा भाग नीट ऐकू जाईल असा म्हणा, कारण त्याला काळजी असते ती मालकाच्या बोलण्याची.

लग्नाच्या पंगतीबद्दल कुणीतरी विचारलंय, त्याला आता वेळ नाही. तिसऱ्या रांगेतल्या मंडळींनी मात्र जाऊ नये. भाकरीचा भाव काय धरायचा ते चहा घेता घेता आजच ठरवू.