पाबळची शाळा आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे आपण दरवर्षी ऐकता. आज मी आपल्याच जिल्ह्यातील एका गावाची हकीकत सांगणार आहे. गावाचे नाव पाबळ, तालुका शिरूर. नगर रस्त्याने शिक्रापूरला जावे आणि तेथून डावीकडे वळावे. अवर्षणप्रवण मुलूख, पाण्याची ओढाताण, आणि शाळा अर्धवट सोडणारी मुले.

या गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ पत्नी मीराताईंसह राहावयास आले. अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या जागी असलेला हा माणूस. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आधाराने त्यांनी तेथे विज्ञान आश्रम काढला. गाव निवडताना त्यांनी सोय पाहिली नाही. येथे जे जमेल ते कोणत्याही खेड्यात जमेल, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांचे म्हणणे साधे होते. मूल हाताने काम करता करता शिकते. चालणे-बोलणे ते असेच शिकलेले असते. मग गावाची जी अडचण, तोच शाळेचा धडा का करू नये?

पाण्याचेच घ्या. विहीर कोठे खणावी हा गावचा जुना प्रश्न. चुकीच्या जागी खणली तर शेतकरी कर्जात बुडतो. आश्रमातील मुले जमिनीची विद्युतरोधकता मोजावयास शिकली. एका ओळीत चार लोखंडी सळ्या जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजायचा. सळ्यांमधील अंतर वाढवीत गेले की अधिक खोलीची माहिती मिळते. रोध कोठे उतरतो ते आलेखावर पाहून पाणी कोठे असू शकेल याचा अंदाज बांधायचा. विद्यार्थी मित्रहो, हा तुमच्याच पुस्तकातला ओहमचा नियम आहे. तुम्ही तो पाठ करता. तेथे त्या आकड्यावर शेजाऱ्याची विहीर ठरते. आकडा चुकला तर गुण जात नाहीत, पैसे जातात. म्हणून मूल पुन्हा मोजते.

घरांचेही तसेच. त्रिकोण आकार बदलत नाही, हे भूमितीत आपण सर्वच शिकलो. पाबळच्या मुलांनी लोखंडी त्रिकोण जोडून घुमट उभे केले. ‘पाबळ घुमट’ या नावाने ते ओळखले जातात.

हे आश्रमापुरतेच राहिले नाही. गावच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातील एक दिवस कामाचा ठरला. वर्कशॉप, वीज व पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. ते मुलामुलींनी सारखेच करायचे. मुलींनी वेल्डिंग करायचे, मुलांनी स्वयंपाक. शिकवणारे गावातलेच कारागीर. पुढे शालान्त परीक्षा मंडळाने हा विषय मान्य केला आणि तो इतर अनेक शाळांत गेला. शाळा सोडलेल्यांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. २००३ साली डॉ. कलबाग वारले; काम थांबले नाही.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. ‘मुलाने पाना धरू नये म्हणूनच तर शाळेत घातले!’ हा प्रश्न खोटा नाही. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे आपले राष्ट्रपती झालेले. योजना चांगली होती, तरी ती रुजली नाही. शिकल्यासवरल्यांनी आपली मुले पुस्तकी शाळांत ठेवली, तेव्हा गरिबालाही वाटले की ही आपल्यासाठी दुय्यम प्रतीची शाळा आहे. त्याने तसे मानले यात त्याचा दोष काय? म्हणून माझे मत असे की कामाचा दिवस ठेवायचा तर तो वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही असावा. नापासांसाठी वेगळी खोली काढाल तर योजना त्याच दिवशी संपली.

आपल्याकडे उलटाच प्रकार चालतो. नाना पेठेत, भवानी पेठेत मुलगा सुट्टीत गॅरेजवर बसतो. उस्ताद त्याला टॅपेट सेट करायला शिकवतो. फिलर गेजवर तो मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखतो, आणि शाळेत दशांश अपूर्णांकात नापास होतो. गॅरेजला शाळा ठाऊक नाही, शाळेला गॅरेज. नववीला तो शाळा सोडतो आणि आपण म्हणतो, डोके नव्हते. शिवणकाम करणाऱ्या आईची मुलगी कापड बेतताना जे क्षेत्रफळ काढते, तेही कोणी वहीत उतरवून घेत नाही.

संस्थेपुढे माझ्या दोन मागण्या आहेत. आठवी-नववीला आठवड्यातून एक अर्धा दिवस द्यावा, आणि पालकांपैकी जे मेकॅनिक, वायरमन, शिंपी आहेत त्यांना मानधन देऊन शिकवावयास बोलवावे. शेजारी गणित-विज्ञानाचे शिक्षक बसावेत. केलेल्या कामातले गणित मुलांकडून त्याच दिवशी वहीत लिहवून घेणे हे त्यांचे काम. हे झाले नाही तर ती नुसती उमेदवारी होईल. दुसरी मागणी सहलीची. सिंहगड मुलांनी पाहिलेलाच आहे. यंदा एक बस पाबळला न्यावी, आणि तिच्यात निम्म्या जागा पालकांसाठी राखाव्यात.